हसून मान डोलवा

दर सोमवारी, पहिली घंटा व्हायच्या आधी, आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक पत्रक वाटलं जातं. त्याचं खरं नाव साप्ताहिक पत्रक. आम्ही त्याला हवामानाचा अंदाज म्हणतो, कारण मोठ्या बाईंचा पारा या आठवड्यात कुठवर चढणार हे त्यावरून कळतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. कुणाची रजा, कुठला नळ गळतोय, खडूचे डबे कुणी परत केले नाहीत, हे सगळं झालं की शेवटी चौकटीत 'विद्यार्थी सहभाग' येतो. प्रत्येक वर्गासमोर एक रंग असतो. आठवडाभरात वर्गातल्या प्रत्येक मुलाने निदान एकदा हात वर केला असेल तर हिरवा. एखादं मूल राहिलं तर पिवळा. बरीच राहिली तर लाल, आणि लाल म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीत चहा. तो चहा कुणाच्याही घशाखाली उतरत नाही.

मी पहिलीची बाई. मला सहभागाची अडचण कधी आली नाही. पहिलीची मुलं प्रश्न पुरा व्हायच्या आधीच हात वर करतात आणि उत्तर म्हणून घरच्या मांजरीचं बाळंतपण सांगतात. मला त्या रंगांचा रागही नव्हता. आपण बरं की आपलं काम बरं, अशी माझी वृत्ती. पण माझ्या आणि दुसरीच्या वर्गामध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. पलीकडे खोडरबर पडलं तरी अलीकडे ऐकू येतं. त्यामुळे जे झालं ते मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

दुसरीचा रंग वर्ष सुरू झाल्यापासून पिवळा होता, तो एका मुलीमुळे. तिला सगळे चिऊ म्हणत. नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं. शाळा सुटली की ते फाटकाशी उभे राहून हाक मारत, "चिऊ, चल गं." मग ती दप्तर छातीशी धरून पळत सुटे. बाकी चिवचिव म्हणाल तर नावालाच. शाळेत तिने कधी तोंड उघडलं नाही. हजेरीलाही ती नुसती उभी राहायची. वर्गातली टारगट मुलं तिला 'म्यूट' म्हणायची आणि रिमोटचं बटण दाबल्यासारखा अंगठा तिच्याकडे रोखायची.

तिला आई नव्हती. बाप दुसरा संसार मांडून त्यात रमला होता. उरले आजोबा. ते जन्मभर शिवणकाम केलेले, अजूनही तिचे फ्रॉक स्वतः शिवायचे. गणवेश सगळ्यांचा सारखाच, पण तिचा लांबून ओळखू यायचा. कॉलर बसावी तशी बसलेली आणि शिवण उलटी करून पाहिली तरी एक धागा सुटलेला नाही.

शाळेचा एक नियम आहे. अर्धं वर्ष झालं तरी जे मूल वर्गात काहीच भाग घेत नाही, त्याचं नाव दुसऱ्या गावच्या खास शाळेला कळवायचं. तिथे वसतिगृह आहे, शिकवणारी माणसं तयार आहेत, वाईट जागा नाही. फक्त ती लांब आहे. मोठ्या बाईंनी आजोबांना बोलावून हे समजावलं, तेव्हा दुसरीच्या बाई तिथे होत्या. आजोबा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते म्हणे.

"ती घरी बोलते हो," ते म्हणाले. "कान किटतात माझे. इथे तेवढी बुजते."

"आम्हाला इथलंच बघावं लागतं ना, आजोबा."

"आम्ही दोघंच आहोत. तिला नेलंत तर मी कुणाशी बोलू? सुट्टीपर्यंत तरी थांबा. माझ्याजवळ राहू द्या तिला."

मोठ्या बाई दगडाच्या नाहीत. त्यांनी सुट्टीपर्यंत मुदत दिली. दुसरीच्या बाई बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. त्या नोकरीला नव्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या, आणि मन मेणाहून मऊ. "या मुलीचा हात मी वर करवणारच," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, हातघाईवर येऊ नका म्हणजे झालं." त्या हसल्या नाहीत.

त्याच सुमारास एक सल्लागार आले. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" असं विचारायची सवय. अबोल मुलांवर त्यांचा अभ्यास होता. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी कबूल करते. घाबरट मुलाने हिंमत करून हात वर केला आणि आपण लगेच "हं, बोल" म्हणून त्याच्यावर तुटून पडलो, की ते गोगलगायीसारखं आत जातं. पुन्हा महिनाभर बाहेर येत नाही. मोठ्या बाईंना हे फार पटलं. पुढच्या सोमवारच्या पत्रकात जाड अक्षरात सूचना आली: 'अबोल मुलाने हात वर केल्यास त्यास काहीही विचारू नये. हसून मान डोलवा, चांदणी द्या, पुढे जा. हात ही पहिली पायरी आहे. शब्द आपोआप येतील.'

चांदणी म्हणजे चिकटवायची, चमचमणाऱ्या कागदाची. त्यांचं एक अख्खं खोकं कार्यालयात येऊन पडलं.

आणि एके दिवशी चिऊने हात वर केला. पलीकडे वजाबाकी चालली होती. एकदम सगळा वर्ग गप्प झाला. दुसरीचा वर्ग गप्प होणं म्हणजे काहीतरी पडलंय नाहीतर कुणीतरी पडलंय, म्हणून मी फळ्यांच्या फटीला डोळा लावला. मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसली होती आणि हात सरळ वर होता, कानाला टेकलेला. बाईंचा खडू हातातच राहिला. त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला बरं वाटावं. त्या हसल्या, त्यांनी दोनदा मान डोलावली, जवळ जाऊन तिच्या तळहातावर चांदणी ठेवली आणि परत फळ्याशी आल्या. मुलगी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हात खाली घेतला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला मिठीच मारली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आम्ही दोघींनी मिळून माझ्या डब्यातलं गोड संपवलं.

दुसऱ्या दिवशी हात पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी परत. कधी भाषेच्या तासाला, कधी चित्रकलेच्या, जिथे विचारण्यासारखं काहीच नाही तिथेही. रोज बाई हसल्या, रोज मान डोलावली, रोज चांदणी दिली. पुढच्या पत्रकात दुसरीचा रंग हिरवा झाला आणि खाली खास ओळ आली: 'दुसरीतील अबोल विद्यार्थिनीचा उत्स्फूर्त सहभाग. सर्वांनी आदर्श घ्यावा.' वसतिगृहाला कळवायचा कागद मोठ्या बाईंनी कपाटात ठेवून दिला. आता तिला कुणी कुठे नेणार नव्हतं. दुसरीच्या बाईंनी हे फाटकाशी आजोबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वा, वा. छान झालं." एवढंच. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस, भरून आलं असेल.

एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. आजोबा आता हाक मारत नव्हते. फाटकाशी उभे असायचे, पण सुटलेल्या मुलांच्या लोंढ्याकडे नुसते बघत राहायचे. चिऊच जाऊन त्यांचं बोट धरायची आणि पुढे चालायची. मला वाटलं, पोर मोठी झाली, आता तीच आजोबांना नेते. कौतुकाने मी हे घरी सांगितलंसुद्धा.

शुक्रवारी सभागृहात सगळी शाळा जमते. त्या शुक्रवारी 'आठवड्याची चांदणी' म्हणून चिऊचं नाव पुकारायचं ठरलं आणि आजोबांना निरोप गेला. शेजारच्या कुणीतरी त्यांना आणून सोडलं. ते पहिल्या रांगेत, दुसरीच्या बाई आणि मी यांच्यामध्ये बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण बटणं एक काज सोडून लावलेली, त्यामुळे एक बाजू वर आणि एक खाली. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावलेला माणूस. तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली.

चिऊ व्यासपीठावर चढली. मोठ्या बाईंनी तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची मोठी चांदणी अडकवली. टाळ्या झाल्या. आजोबांनीही टाळ्या वाजवल्या, मनापासून, सगळ्यांचं वाजवून झालं तरी ते वाजवतच होते. मग ते पुढे वाकून निरखून बघायला लागले आणि दुसरीच्या बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "फ्रॉक सुरेख शिवलाय हो. कॉलर बघा कशी बसलीये. कुणाच्या हातचा आहे?"

बाईंना थट्टा वाटली. त्या म्हणाल्या, "तुमच्याच की, आजोबा."

"छे हो. मी कुठला." ते परत तिकडे बघायला लागले. "मुलगी गोड आहे. कुणाची?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सभा संपल्यावर मुलं रांगेने वर्गात गेली, आजोबा तिथेच खुर्चीत बसून राहिले आणि आम्ही चिऊला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. काय विचारायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि सवयीने हात वर केला.

"बोल," बाई म्हणाल्या. "बोल ना गं."

"तुम्ही आजोबांना सांगितलं नाहीत," चिऊ म्हणाली. आवाज अगदी साधा होता, घोगरा वगैरे नाही. रोज बोलणाऱ्या मुलीचा आवाज.

"काय सांगायचं होतं?"

"मी कोण आहे ते. ते रोज विचारतात, तू कुणाची. घरी गेलं की म्हणतात, तुझ्या घरी जा, आई वाट बघत असेल. मी सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. तुम्ही सांगा. बाईंनी सांगितलेलं सगळे ऐकतात."

"तू मला आधी का नाही..." बाईंचं वाक्य तिथेच तुटलं.

"मी हात वर केला ना. तुम्ही हो म्हणालात." तिने मान डोलावून दाखवली, हुबेहूब बाईंसारखी, हसूनसुद्धा. "मला वाटलं, तुम्हाला कळलं. रोज वाटायचं, आज सांगाल."

बाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. मी नजर वळवली. खरंच सांगते, त्या क्षणी ते पत्रक, तो सल्लागार आणि त्याचे ते बूट हाताशी असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पोर दोन आठवडे हात कानाला टेकवून मदत मागत होती, आणि आम्ही तिला चमचमता कागद देत होतो.

बाई उठल्या. सभागृहात गेल्या. आजोबांसमोर उभ्या राहून त्यांनी चिऊच्या खांद्यावर हात ठेवला आणि हजेरी घ्यावी तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आजोबा, ही चिऊ. तुमची नात. हा फ्रॉक तुम्ही शिवलाय. ही तुमच्याकडेच राहते."

आजोबांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. पाहुण्यांशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "असं का? बरं झालं सांगितलंत." आणि त्यांनी चिऊचं बोट धरलं. तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

त्यानंतर रोज शाळा सुटली की बाई फाटकापर्यंत जायच्या. "आजोबा, ही चिऊ, तुमची नात." "असं का? बरं झालं." मग ती दोघं रस्त्याच्या कडेने निघून जायची. मी बाईंना म्हटलं, हे किती दिवस पुरणार? वर कळवायला हवं. त्या म्हणाल्या, "कळवलं की कपाटातला कागद बाहेर येईल. त्यांना दोघांना वेगळं करतील. आजोबांनी एवढंच तर मागितलं होतं." त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नव्हतं, बरोबर होतं असंही नाही.

मग एका सकाळी चिऊच्या फ्रॉकच्या पाठीला भिंतीचा चुना लागलेला होता. आजोबांनी संध्याकाळी तिला बाहेर काढून दाराला आतून कडी लावली होती. "बाई घरी गेल्यावर ते विसरतात," ती म्हणाली. तिने रात्र जिन्यात काढली होती, भिंतीला टेकून. त्याच तासाला बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. त्यांनी हात जोडून सांगितलं, संध्याकाळी कुणी माणूस त्यांच्या घरी ठेवता आला तर बघा, दोघांना एकत्र ठेवा. मोठ्या बाईंनी फोन केले, खरंच बरेच केले. पण तसा माणूस पाठवायची सोय कुठल्याच कार्यालयात नव्हती. मुलांसाठी वसतिगृह होतं. म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम होता. दोघांसाठी मिळून काही नव्हतं.

चिऊ वसतिगृहात गेली त्या दिवशी बाईंनी तिचं बाक आवरायला घेतलं. खालच्या बाजूला हात घातला तेव्हा बोटांना काहीतरी खडबडीत लागलं. सगळ्या चांदण्या तिने बाकाच्या पोटाला चिकटवून ठेवल्या होत्या. घरी एकही नेली नव्हती. बाईंनी त्या नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला, पण डिंक पक्का होता. त्या तशाच आहेत.

पुढच्या सोमवारी पत्रक आलं. रजा, नळ, खडू. शेवटी चौकट. दुसरीचा रंग हिरवा, आणि यावेळी त्याभोवती सोनेरी किनार. मोठ्या बाईंनी उभं राहून वाचलं, "दुसरीच्या वर्गाचं विशेष अभिनंदन. वर्गात आता एकही अबोल मूल उरलेलं नाही." त्यांनी हे कुजकेपणाने लिहिलं नव्हतं. पटावरून एक नाव कमी झालं होतं आणि किनार आपोआप आली होती. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी बसलेल्या दुसरीच्या बाईंनी हात वर केला.

त्यांना काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. रात्री त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. दर रविवारी चिऊला वसतिगृहातून आणून वृद्धाश्रमात आजोबांसमोर उभं करायचं, आणि ही कोण आहे ते त्यांना सांगायचं. त्या स्वतः जायला तयार होत्या. फक्त शाळेचं एक पत्र हवं होतं, नाहीतर वसतिगृह मुलीला बाहेर सोडत नाही.

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे लाल, चेहरा ओढलेला, ओठ थरथरतायत. मला वाटतं, सगळ्यांसमोर या बाईला रडवू नये, असंच त्यांच्या मनात आलं असावं. त्या प्रेमाने हसल्या, त्यांनी मान डोलावली आणि पत्रक बाजूला ठेवून त्या बैठकीच्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. पुढचा मुद्दा पाण्याच्या टाकीचा होता.

दुसरीच्या बाईंनी हात खाली घेतला नाही. टाकी झाली, सहल झाली, चाचणीचे पेपर झाले. हात कानाला टेकलेला. एकेक जण चोरून बघायचा आणि पत्रकात डोकं घालायचा. मी त्यांना कोपराने ढोसलं, कानाशी म्हटलं, "अहो, असंच बोला ना. बोलून टाका."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "फार दुखतो हो," त्या म्हणाल्या. "इतका वेळ धरला की दंड फार दुखतो. आणि ती एवढीशी पोर."